काढून दाखवा की

माझ्या मागच्या खोलीत आजवर पुष्कळ भाडेकरू राहून गेले. त्यांत सगळ्यांत जास्त ताप ह्या माणसाने दिला. तो चांगला होता असं मी म्हणत नाही. वाईट होता असंही नाही. पण गोव्यातल्या आमच्या तुये गावात अजून एखादी बाई "ती वस्तू असा गो घरात" असं म्हणाली की दुसरी हसून म्हणते, "काढून दाखव." ते बोलणं त्याचं. माणूस गेला आणि बोलणं राहिलं, म्हणून लिहिते.

तो बेळगावकडचा. चाळिशीचा असेल. उंच, पण मानेत वाकलेला, आणि डोक्याला खोबरेल तेल इतकं की उशीचे अभ्रे पिवळे व्हायचे. इथल्या औद्योगिक वसाहतीत एक लहान कंप्युटरची कंपनी होती, तिथे कामाला. वसाहतीत कोल्हापूर-बेळगावची माणसं खूप, एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात. ह्याला एकट्याला खोली हवी होती. मी खोली दाखवली. पाणी किती वेळ येतं, संडास कुठे, काही विचारलं नाही. म्हणाला, "आज्जी, ह्या खोलीची दुसरी किल्ली कुठं हाय?"

"असा घरात."

"हाय म्हणून चालत न्हाई. काढून दाखवा की."

मला राग आला. पण शोधायला लागले. मेजाचा खण उपसला, कपाटावरचे डबे खाली काढले. शेवटी बटणांच्या डब्यात सापडली. त्याने ती कुलपात घातली तर फिरेना. मला वाटलं आता हा बोलणार. तो चालू लागला. बाजारात जाऊन नवीन किल्ली करून आणली आणि माझ्याकडे न देता समोरच्या घरातल्या वहिनीकडे नेऊन दिली.

"माझ्याकडे ठेवलंस तर चोरतलंय काय रे?" मी विचारलं.

"दोन्ही किल्ल्या एकाच घरात असल्या तर ती एकच किल्ली, आज्जी."

पुढे दर महिन्याला, एखाद्या रविवारी, तो आपली किल्ली आत ठेवून दार मुद्दाम ओढून घ्यायचा. दार आपोआप बंद व्हायचं. मग समोर जाऊन वहिनीकडे दुसरी मागायची, दार उघडायचं आणि किल्ली परत नेऊन द्यायची. एकदा ती वहिनी काजूच्या दिवसांत पार्शाला आईकडे गेली होती आणि किल्ली तिच्या कपाटात. हा संध्याकाळपर्यंत माझ्या बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसून राहिला. उपाशी. मी म्हटलं, "अरे, माझ्या न्हाणीच्या जनेलातून आत जाऊक मेळता. उडी मार आणि जा."

"खिडकीतनं गेलो असतो तर किल्ली अडकलीय ते मला कळलंच नसतं," तो म्हणाला आणि बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने तिसरी किल्ली करून पोदेराकडे दिली. पाव द्यायला सकाळी येणारा माणूस तो. त्याला वाटलं ह्याचं डोकं फिरलं.

सगळ्या वस्तू दोन. छत्र्या दोन, एक घरी आणि एक ऑफिसात. चपलांच्या जोड्या दोन. चष्मे दोन. समोरची वहिनी एकदा म्हणाली, "मगे बायलो पण दोन करतलो काय?" सगळे हसले. तो हसला नाही. विचार करून म्हणाला, "एक पण केली न्हाई, वहिनी. गेली तर परत आणायची सोय नसते की."

माझ्या सुनेशी त्याचं पहिलं भांडण मिक्सरवरून झालं. ती शिफ्टला जायच्या घाईत खोबरं वाटत होती आणि एकदम सगळी वीज गेली. बाहेर येऊन बघते तर हा मेन स्विचजवळ उभा.

"तुम्ही म्हटलं होतं इन्व्हर्टर हाय म्हणून. बघत होतो."

इन्व्हर्टर होता, पण चालू झाला नाही. बॅटरीतलं पाणी कधी आटलं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. सुनेने त्याला नको नको ते ऐकवलं. तो ऐकत उभा राहिला आणि मग पाणी आणायला गेला. त्या वर्षी चतुर्थीच्या दिवसांत वाड्यावर काळोख झाला तेव्हा आमच्या गणपतीसमोर दिवे होते.  

तो नेमकं काय काम करतो ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. एकदा मी बाल्कांवावर भिरंडं, म्हणजे कोकमं, फोडत बसले होते, तो येऊन बसला. मी म्हटलं, "तू करतंस काय रे? सांग माका समजात असा."

त्याने माझ्या भिरंडांकडे बघितलं आणि सांगायला लागला. "आम्ही वसाहतीतल्या एका फॅक्टरीचे कंप्युटर सांभाळतो. तिचं सगळं काम त्यात डब्याडब्यांत वाटलेलं असतं. एक डबा वजन टिपतो, एक तपासणी टिपतो, एक माल कुठं गेला ते टिपतो. असे पुष्कळ डबे, आणि ते सांभाळायला तीन-चार यंत्रं. एक डबा मेला तर तसलाच दुसरा लगेच उभा राहतो. कोण रडत न्हाई."

"मगे तुझा काय काम?"

"डबा मेला की त्याच्या पोटातलं पण गेलं की. म्हणून जे टिकायला पाहिजे ते डब्यात ठेवत न्हाईत. बाजूला कोठी असते. डबे कोठीत टाकतात, कोठीतनं घेतात. डबे कितीबी मरूद्यात. कोठी गेली की संपलं. मी त्या कोठीची नक्कल काढून दुसरीकडं ठेवतो. कोठी गेली तर नकलेवरनं परत भरायची."

"गेली काय कधी?"

"अजून न्हाई."

"म्हणजे तू बसान पगार खातंस."

"व्हय की," तो म्हणाला. त्याला राग आला नाही. "बसून खायला मिळावं म्हणूनच एवढा जीव काढतो."

रविवारी फॅक्टरी बंद असली की तो तिथे जाऊन सगळे डबे स्वतःच मारायचा आणि नकलेवरून परत उभे करायचा. झालं म्हणजे घरी येऊन आंघोळ करायचा आणि मगच जेवायचा. खोलीतही त्याने फळीवर तीन जुनी यंत्रं मांडली होती. त्यांचे निळे दिवे दिवसभर लुकलुकायचे. ती त्याची लहान फॅक्टरी. तिथे तो कोठी भरून बघायचा.

त्याला हे वेड कुठून लागलं ते त्याने एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. गावात नदीला पूर आला आणि घर गेलं. बापाने जमिनीचे कागद फार जपून ठेवले होते. त्यांच्या नकलाही करून घेतल्या होत्या. "दोन ट्रंका होत्या, आज्जी. एकीत कागद, एकीत नकला. दोन्ही माळ्यावर." एवढंच. मग उठून गेला.

आता तांदळातल्या डब्याचं सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

मी परसात भाजी लावते. वाल, दोडकी, चिबूड, जे काय ते. बी राखेत घोळून चुलीवर टांगून ठेवते. लावायच्या आधी त्यातलं चिमूटभर ओल्या फडक्यात बांधते आणि रुजतं का बघते. माझी आई करायची, सगळ्या बायका करतात, त्यात नवल नाही. हा दारात उभा राहून ते फडकं बघत होता. विचारलं, "हे कशाला? बी तर चांगलं दिसतंय."

मी म्हटलं, "दिसता चांगलाच. मेलेलापण चांगलाच दिसता."

तो गेला. पुढच्या शनिवारी एक पत्र्याचा डबा घेऊन आला. बिस्किटांचा. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली हाताएवढी काळी वडी. म्हणाला, "फॅक्टरीची कोठी ह्याच्यात हाय. ऑफिसातली नक्कल यंत्र आपोआप काढतं. ही मी हातानं काढतो, वेगळ्या रीतीनं. एकाच हातानं केलेल्या दोन नकला म्हणजे एकच नक्कल. तुमच्या तांदळाच्या पिंपात ठेवा. ओल धरणार न्हाई."

"चोरीचो माल असा काय?"

"न्हाई. आतल्या मालाला कुलूप घातलंय, कुणाच्या हातात पडला तरी वाचता येणार न्हाई. पण ऑफिसच्या नियमात बसत न्हाई, म्हणून कुणाला सांगू नका."

दर शनिवारी तो नवीन डबा द्यायचा आणि जुना न्यायचा. देण्याआधी आपल्या लहान फॅक्टरीत रुजवून बघायचा. रुजवायचा, हा शब्द त्याने माझ्याकडून उचलला. मग त्याने नियम घालून दिला. "आज्जी, एक दिवस मी धावत येईन आणि डबा मागेन. तेव्हा मला द्यायचा न्हाई."

"मगे कोणाक देव?"

"मलाच. पण आधी बसवा. पाणी पाजा. आणि विचारा, ह्याची दुसरी नक्कल कुठाय? ती काढून दाखवली तरच हा डबा न्यायचा. दुसरी नसली तर आधी करायला लावायची. शेवटची नक्कल घेऊन आजारी यंत्राकडं धावणारा माणूस ती पण मारतो. मी बघितलंय. त्या टायमाला डोकं जाग्यावर नसतं."

"आणि तू माका गाळी दिलंस तर?"

"देईन," तो म्हणाला. "तरीबी देऊ नका."

आता आमच्या घरचं. माझा मुलगा डिचोलीच्या खाणींवर स्वतःचा ट्रक चालवायचा. आमोण्याच्या धक्क्यावर खनिज मातीच्या खेपा टाकायचा. खाणी बंद झाल्या तसा ट्रक दारात उभा राहिला, टायर बसले, आणि मुलगाही बसला. घर सुनेवर आलं. ती वसाहतीतल्या औषधांच्या फॅक्टरीत गोळ्यांच्या लायनीवर, कंत्राटी. बाहेरचे तपासनीस येऊन गेले की काही बायकांना पर्मनंट करणार असं ठरलं होतं आणि तिचं नाव त्यात होतं. तिने ह्या नोकरीसाठी तीन चतुर्थ्या माहेर बघितलं नव्हतं. त्याच फॅक्टरीची कोठी हा माणूस सांभाळायचा.

तपासनीस यायच्या आदल्या सकाळी हा धावत आला. पोदेर पाव देऊन नुकताच गेला होता. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात नाही. दोन जोड्या असलेला माणूस.

"आज्जी, डबा."

"बस."

"बसायला वेळ न्हाई. कोठी गेली. करंट वरखाली झाला आणि यंत्रासकट जळली. मी नकलेवरनं डबे उभे केले, सगळे हिरवे दाखवतात, चालू म्हणतात, आणि आत काय न्हाई. मोकळे. आज्जी, एक ओळ न्हाई आत. डबा द्या."

"पाणी पी आधी."

तो सरळ स्वयंपाकघरात आला. माणूस वाईट दिसत होता. ओठ पांढरे पडले होते. मी त्याला ओळखते, त्याने पिंप उचलून उलटं केलं असतं. म्हणून मी पिंपाच्या झाकणावर बसले.

"ह्याची दुसरी नक्कल खंय असा?" मी विचारलं.

"म्हातारे, ऊठ!" तो ओरडला. त्याने आवाज चढवलेला तेवढाच एकदा.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. त्याचा पात्रांव उतरला. मालकाला आम्ही पात्रांव म्हणतो. घरी एक नक्कल आहे हे ह्याने त्याला नाइलाजाने सांगितलं होतं. त्याच गाडीतून माझी सून उतरली, डोक्यावर फॅक्टरीची पांढरी टोपी तशीच. घर दाखवायला तिला आणलं होतं.

पात्रांव आधी गोड बोलला. "मावशी, उद्या तपासनीस येतात. कुठल्या मालाची तपासणी कधी झाली त्याचं रेकॉर्ड नसलं तर गोदामातली एक गोळी बाहेर जाणार नाही. फॅक्टरीवाला लायन बंद करणार. बंद केली की पहिल्या कंत्राटी बायका घरी. तुमची सूनसुद्धा. द्या तो डबा."

"ह्याका विचारतंय मी," मी म्हटलं. "दुसरी नक्कल खंय असा?"

"कसली दुसरी?" पात्रांव म्हणाला. "ही बाई काय बोलते?"

सून जवळ आली. "आई, उठा."

मी उठले नाही.

"आई, माझी नोकरी जातली. तुमका समजता काय?"

"समजता."

"मगे उठा. ज्या पिंपार बसल्यात त्यातले तांदूळ कोणाच्या कष्टाचे? तुमच्या झिलाच्या?"

ती खरं बोलत होती.  मुलगा बाहेर ट्रकच्या पायरीवर बसला होता, त्यानेही ऐकलं असणार. मला त्या काळ्या वडीत काय आहे ते कळत नव्हतं आणि माझ्यामुळे घर बुडतं की काय अशी भीतीही होती. पण मला एक गोष्ट सांगितलेली होती, आणि सांगणारा शुद्धीवर असताना सांगून गेला होता. समोर उभा होता तो शुद्धीवर नव्हता. दोघांत कोणाचं ऐकायचं ते मी ठरवलं होतं. मी तांब्या पुढे केला.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग जमिनीवर बसला. अख्खा तांब्या प्याला, पाणी गळ्यावरून शर्टात गेलं. रिकामा तांब्या खाली ठेवून म्हणाला, "दुसरी न्हाई. ही एकच हाय."

"मगे आधी दुसरी कर."

"व्हय," तो म्हणाला. आणि पात्रांवाला म्हणाला, "सर, आधी हिची नक्कल काढतो. मगच तिला तिकडं न्यायची."

"किती वेळ?"

"जेवणवेळ होईल."

पात्रांवाने मेजावर हात आपटला. काचेचा कोप खाली पडून फुटला. मी उठले, झाकण काढलं, तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि डबा काढून त्याच्या हातात दिला. पात्रांवाच्या नाही.

मग वाट बघणं आलं. त्याच्या खोलीचं दार लोटलेलं. पात्रांव अंगणात फेऱ्या मारत फोनवर बोलत होता. प्रत्येक वेळी "झालंच" म्हणत होता. सून बाल्कांवावर माझ्याकडे पाठ करून बसली. मी काचा गोळा केल्या. पेज वाढून ठेवली, कोणी हात लावला नाही, वर साय धरली. मी एकदा खोलीत डोकावले. तो निळ्या दिव्यांसमोर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, काही करत नव्हता. नुसता बघत होता. भात शिजताना बघतात तसा.

नक्कल झाली. तो वडी घेऊन बाहेर आला तशी पात्रांवाने ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली.

"सर, लावायच्या आधी तिथली आपोआप नक्कल काढणारी यंत्रणा बंद करा. आठवणीनं."

"केलीय. माणसाला सांगितलंय."

"काढून दाख..." असं तो म्हणायला लागला, पण गाडी निघाली होती. त्याला बरोबर नेलंही नाही. तो परत खोलीत गेला आणि आपल्या लहान फॅक्टरीत दुसरी नक्कल उघडायला बसला.

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. खोलीचं दार उघडं होतं, मी आणि सून दोघींनी ऐकलं. पात्रांवाचा आवाज लहान झाला होता. यंत्रणा बंद केलेली नव्हती. सांगितलं होतं, पण कोणी केली नव्हती. वडी लावल्याबरोबर यंत्राला वाटलं नक्कल ठेवायला नवीन जागा मिळाली. त्याने वडीवरचं सगळं पुसून मोकळ्या डब्यांची नक्कल तिच्यावर चढवली. आता वडीही रिकामी.

 तो फोनमध्ये फक्त म्हणाला, "थांबा." आणि सुनेला म्हणाला, "वहिनी, इकडं या."

ती आत गेली. मी उंबऱ्यावर.

"कोठी भरली म्हणून यंत्र सांगतंय. मघाशी तिकडंबी यंत्र असंच सांगत होतं. मला यंत्राचं ऐकायचं न्हाई. तुम्ही तिथं होता. तुम्हाला आठवतंय असं काहीतरी सांगा. कुणी लिहून ठेवलं असेल असं."

 सुनेने उजव्या हाताचं बोट वर केलं. त्याला पट्टी होती. "गेल्या शुक्रवारी बोट कापलां. लायन थांबवलेली. सुपरवायझर कंप्युटरात घालताना मी बघितलां. कारण काय घालू म्हणान माकाच विचारलान."

"काय सांगितलं?"

"मी म्हटलां, खरां ता घाल."

तो शोधत राहिला. त्याच्या मानेवरचं तेल आणि घाम एक होऊन कॉलरवर उतरत होता. बाहेर संध्याकाळच्या फेरीला निघालेल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. मग तो बाजूला सरकला.

सून वाकून वाचायला लागली, शाळेतल्या मुलीसारखं मोठ्याने. "शुक्रवार. तिसरी लायन. थांबवली. कामगाराच्या बोटाला इजा." पट्टी बांधलेलं बोट तिने पडद्यावर त्या ओळीवर ठेवलं. आणि त्याच्या खाटेवर बसली. "हीच," ती म्हणाली.

त्याने फोन लावला. "सर, हाय. रुजली. मी येतो. मी येईपर्यंत तिथं कुणी कशाला हात लावू नका." मग दोन्ही पायांत चपला घातल्या आणि चालत गेला. धावला नाही.

शनिवारच्या पुढचं काही परत आलं नाही. त्या दिवसांचा माल वेगळा काढून नष्ट केला. तपासनिसांनी तेवढं लिहून घेतलं, बाकीचं सोडलं. लायन चालू राहिली. पावसानंतर सून पर्मनंट झाली.

चूक काय झाली ते त्याने मला स्वतः सांगितलं. ऑफिसातली यंत्रणा डब्यांची नक्कल काढायची, पण कोठीची काढायची असेल तर कोठीवर तशी चिठ्ठी लावावी लागते. मागे फॅक्टरीने कोठी बदलून मोठी केली तेव्हा नव्या कोठीवर चिठ्ठी लावायची राहिली. चिठ्ठी नाही, तर यंत्र तिला गुपचूप वगळायचं आणि काम झालं असं हिरवं दाखवायचं.

"पण तू रविवारी बघी होतंस रे," मी म्हटलं.

"डबे मारत होतो, कोठी न्हाई. जुनी कोठी जागेवरच होती. नवे डबे उठले, तिच्यातनंच घेतलं, आणि मी म्हटलं, वा, सगळं परत आलं." तो म्हणाला. "घराचं दार बंद करून किल्ली बघत होतो, आज्जी. तिथं मात्र दार उघडं ठेवून फिरवली."

आणि मग वरून विचारणा आली. ही नक्कल कुठून आली? फॅक्टरीची कोठी भाड्याच्या घरात, तांदळाच्या पिंपात काय करत होती? कोणाच्या परवानगीने? पात्रांवाने त्याला बोलावून विचारलं. ह्याने सगळं खरं सांगितलं. त्याला काढून टाकलं.

तो मला हे सांगत होता तेव्हा भात कालवत होता, शांतपणे. मला संताप आला. मी म्हटलं, "तुझ्यामुळे वाचले ते. त्यांच्या तोंडार सांगूक जमूक नाय तुका?"

"नियम बरोबर हाय की. आज मी कुलूप घालून ठेवला. उद्या दुसरा कोणतरी ठेवील आणि कुलूप घालायला विसरेल. मीबी असलाच नियम केला असता."

"मगे तू मोडलंस कित्याक?"

त्याने हातातला घास खाल्ला. "नियम करणाऱ्यांनी काढून दाखवलं न्हाई म्हणून," तो म्हणाला आणि ताक मागितलं.

तो गेला ती दुपारची वेळ होती. तीन यंत्रं खोक्यात बांधली होती, दोन छत्र्या एकत्र बांधल्या होत्या. पोदेराकडची किल्ली त्याने सकाळीच परत आणली होती. ती आणि स्वतःची अशा दोन माझ्या हातावर ठेवल्या. मी वाट बघितली, आता समोरच्या वहिनीकडच्या किल्लीचं विचारेल. नाही विचारलं. "येतो, आज्जी," म्हणाला आणि बसच्या थांब्याकडे गेला. मागे वळून बघायची त्याला सवय नव्हती. मीही उभी राहिले नाही, वाल वाळत घातले होते ते उलटायचे होते.

त्या दिवशीचं पिंपावरचं बोलणं सुनेने किंवा मी परत काढलं नाही. माफी मागण्याची आमच्या घरात रीत नाही. संध्याकाळी ती शिफ्टवरून आली, बाल्कांवावर बसून चपला काढायला लागली. मागची खोली बंद दिसली.

"गेलो?"

"गेलो."

"किल्लयो दिल्यान?"

"दोन. एक समोर असा, वहिनीकडे."

तिने एक चप्पल काढली होती, ती परत पायात घातली.

"मी बघून येतंय," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून समोर गेली.